बॅगेचे कुलूप आणि जकातनाक्यावरची मोहोर

विमानात टाकायच्या बॅगांसाठी मिळणाऱ्या काही कुलपांवर एक इवलीशी खिडकी असते. आपण आकडे जुळवून कुलूप उघडले तर तिच्यात काही फरक पडत नाही. सुरक्षा तपासनिसाने मात्र त्याच्याकडच्या किल्लीने तेच कुलूप उघडले, की तिथे लाल खूण उमटते आणि आपण स्वतः आकडे जुळवेपर्यंत ती तशीच राहते. या खुणेने चोरी अडत नाही, चोर पकडलाही जात नाही. तुमच्यामागे बॅग उघडली गेली होती, एवढेच ती सांगते. कुलपाला हे सांगायचे काम कुणी लावले, याचा माग काढत मी जिथे पोचलो ते ठिकाण कुलपांच्या कुठल्याही इतिहासात नाही. ते आहे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले शुल्काध्यक्षाचे प्रकरण, म्हणजे जकातनाका.

वेशीपाशी शुल्कशाळा, तिच्यावर ध्वज. व्यापाऱ्यांचा तांडा आला की चार-पाच वसुली कारकुनांनी चार गोष्टी लिहून घ्यायच्या: व्यापारी कोण, आले कुठून, माल किती, आणि मालावर ओळखखूण किंवा मोहोर पहिल्यांदा उठवली ती कुठे. मोहोर नसली तर दुप्पट जकात भरायची. मोहोर बनावट निघाली तर दंड आठपट. आणि मोहोर फुटलेली आढळली तर? तिथे दंडाचा आकडाच नाही. व्यापाऱ्याने घटिकास्थानात उभे राहायचे, एवढेच म्हटले आहे.

हे घटिकास्थान नेमके काय, यावर अर्थ लावणाऱ्यांचे एकमत नाही. काहींना ती गोदामासारखी जागा वाटते, काहींना घटका मोजत उभे राहण्याची शिक्षा. शिक्षेचा अर्थ मला पटत नाही. विनामोहोर मालाला आणि बनावट मोहोरेला पैशात दंड सांगणारा ग्रंथकार तिसऱ्या प्रकारात एकदम पैसा सोडून देतो, याला कारण असले पाहिजे. मोहोर फुटली म्हणजे गुन्हा झालाच असे नाही. ती बैलाच्या पाठीवर घासून फुटली असेल, चोराने फोडली असेल किंवा खुद्द व्यापाऱ्याने. म्हणून आधी माणूस बाजूला घ्यायचा, माल बाजूला काढायचा आणि मोजदाद करायची. ‘जरा या बाजूला या, बॅग उघडा’ असे विमानतळावर आजही म्हणतात, तीच ही जागा, असे माझे ठाम मत आहे.

खरा दुवा याच्याही अलीकडे, सरहद्दीवर आहे. परदेशी तांडा आला की अंतपाल, म्हणजे सीमेवरचा अधिकारी, त्याचा माल उघडून पाहतो, भारी माल कुठला आणि हलका कुठला ते ठरवतो, मग स्वतःची खूण आणि मोहोर लावून तांडा पुढे शुल्काध्यक्षाकडे पाठवतो. वाटेचा कर म्हणून ओझ्यामागे सव्वा पण घेतो, आणि ज्याच्याकडून हा कर घेतला त्याचे काही हरवले किंवा चोरीला गेले तर ते भरूनही देतो. माल एकाचा, उघडण्याचा हक्क दुसऱ्याचा, उघडल्याची खूण त्या दुसऱ्यानेच मागे ठेवायची, आणि वाटेतल्या नुकसानीची भरपाई कर घेणाऱ्याने करायची. विमानाच्या बॅगेचा सगळा व्यवहार या चार खांबांवर उभा आहे.

यावर पहिली हरकत कुलूपवाल्यांची. बॅगेचे कुलूप हे कुलूपच, तेव्हा त्याची वंशावळ इजिप्तच्या लाकडी अडसरापासून ब्रामा, येल या कुलूपकारांपर्यंत लावावी, असे ते म्हणतात आणि बहुतेक पुस्तकांत तशीच ती लावलेली असते. तिजोरीच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण याच वंशावळीत एक कुलूप असे बसते, की त्याचे वागणे इतर कुलपांशी जुळत नाही.

१८१७ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या नौदलाच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. स्वतःच्याच किल्लीशिवाय उघडणार नाही असे कुलूप करून दाखवणाऱ्याला सरकारने शंभर पौंडांचे बक्षीस लावले. जेरमाया चब या कारागिराने १८१८ मध्ये पेटंट घेतलेल्या कुलपाने ते मिळवले. त्याच्या आत पितळी पट्ट्यांची चवड असते आणि खरी किल्ली प्रत्येक पट्टी हवी तितकीच उचलते. कुणी आकडा घालून चाळवाचाळव केली आणि एखादी पट्टी जरा जास्त उचलली गेली, की एक स्प्रिंग तिला वरच्या वर अडकवून ठेवते. मग मालक येतो, आपली खरी किल्ली घालतो आणि ती फिरत नाही. कुलूप त्याला सांगत असते, की कुणीतरी इथे हात घातला होता. सुरुवातीच्या कुलपात ही अडकलेली पट्टी सोडवायला वेगळी किल्ली लागे. पुढे खरी किल्लीच उलटी फिरवून ती सुटू लागली.

कुलूपवाले या सोयीला गौण मानतात, कारण १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेच्या ए. सी. हॉब्ज याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडून दाखवले. अडवण्याच्या परीक्षेत ते नापास झाले, हे खरेच. मला महत्त्वाचे वाटते ते त्याने मोहोरेचे काम अंगावर घेतले ते. फुटलेली लाख मालकाला जे सांगते तेच अडकलेली पट्टी सांगते. चबने ही कल्पना मोहोर लावणाऱ्यांकडून उचलली, असे माझे म्हणणे आहे. गोदीतले काम सरकारी, आणि सरकारी गोदामात दाराला कुलूप आणि मालाला मोहोर या गोष्टी शेजारी शेजारीच असतात. चबने त्या एका पेटीत बसवल्या. बॅगेच्या कुलपावरची लाल खूण म्हणजे चबची स्प्रिंग, फक्त मालकाला डोळ्यांनी दिसेल अशी.

दुसरी हरकत पेटंटवाल्यांची. त्यांच्या हिशेबाने या कुलपाचा जन्म २००३ चा. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत टीएसए ही सुरक्षा यंत्रणा उभी राहिली आणि २००२ संपेपर्यंत विमानात जाणारी प्रत्येक बॅग तपासायचे ठरले. शंका आली की बॅग उघडायची आणि कुलूप असेल तर तोडायचे. मग ट्रॅव्हल सेंट्री या कंपनीने २००३ च्या नोव्हेंबरात अशी कुलपे आणली, ज्यांचे आकडे प्रवाशाकडे आणि किल्ली तपासनिसाकडे. त्या कंपनीचे लाल चौकटीचे बोधचिन्ह आज आपल्याकडच्या बॅगांच्या दुकानांतही सर्रास दिसते. मात्र डेव्हिड ट्रॉप यांनी सांगितले, की ही पद्धत माझी, पेटंट माझे. खटला वर्षानुवर्षे चालला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ट्रॉप यांच्या विरुद्ध निकाल दिला. दोन बाजूंनी उघडणारे कुलूप लावून सामान तपासणे ही जुनीच चालत आलेली रीत आहे, तिच्यावर पेटंट मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय. रीत किती जुनी, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते. अंतपालाचे नाव तिथे कुणी घेतले नाही. घ्यायला हवे होते.

तिसरी हरकत जास्त भक्कम आहे. मोहोरच धरायची तर कौटिल्यापाशी का थांबायचे? गुजरातेत लोथलला शि. रं. राव यांच्या उत्खननात गोदाम सापडले, त्यात हडप्पा मुद्रांचे ठसे असलेले मातीचे गोळे. गोदामाला आग लागली, माती भाजली म्हणून ते टिकले. त्यांच्या पाठीवर कापडाची वीण, चटईच्या काड्या आणि सुतळीचे पीळ उमटलेले आहेत. गठ्ठा बांधायचा, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा दाबायची, ही कृती त्या पाठीवरून वाचता येते. तुर्कस्तानात आर्सलानतेपेला तर लेखनकलेच्याही आधीचे असे दोन हजारांहून जास्त ठसे मिळाले. त्यांतले कित्येक कोठाराच्या दारावरचे आहेत. दार उघडायचे, फुटलेला ठसा जपून ठेवायचा आणि नवा लावायचा, असा हिशेब तिथे चाले.

ही कुळे थोर आहेत, मी त्यांना नाकारत नाही. पण आर्सलानतेपेचे कोठार जागच्या जागी आहे आणि उघडणारे व लावणारे एकाच घरचे आहेत. लोथलचा गठ्ठा प्रवासाला निघालेला आहे, तरी वाटेत तो कुणी हक्काने उघडून पुन्हा बंद केल्याची खूण त्या मातीत नाही. प्रवासाला निघालेला माल, त्यात परक्याचा कायदेशीर हात, आणि त्या हाताची निशाणी मालकाकरता, या तिन्ही गोष्टी एकत्र आणि नियमांत बांधलेल्या मला दिसल्या त्या कौटिल्याकडे.

मधली साखळी लाखेची. युरोपात आधी मेणाच्या मोहोरा असत. सोळाव्या शतकात तिथे लाखेची कांडी आली, आणि ही लाख आपल्या देशातल्या किड्याची. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या संवादग्रंथात लाखेवर एक सबंध संवाद आहे. पोर्तुगीज भाषेत मोहोरेच्या लाखेला आजही ‘लाक्रे’ म्हणतात, तो आपल्याच लाखेचा वारस. मेण उन्हाने मऊ पडते. धार तापवलेल्या सुरीने ते सोडवून पुन्हा चिकटवता येते. लाख कडक आणि ठिसूळ, उचकटली की तिचा चुरा होतो आणि ठसा गेला तो गेलाच. याच गुणामुळे राजेरजवाड्यांच्या खलित्यांपासून टपालाच्या पार्सलापर्यंत तिचे राज्य चालले.

टपालखात्याचा विमा पार्सलाचा नियम तर मला अर्थशास्त्राचे उपप्रकरणच वाटतो. पार्सल कापडात शिवायचे, शिवणीवर ठरावीक अंतराने लाखेचे शिक्के, सगळे एकाच लाखेचे आणि एकाच खासगी खुणेचे. शिक्का म्हणून चालू नाणे दाबलेले चालत नसे, नुसत्या सरळ किंवा वाकड्या रेघाही चालत नसत. कारण उघड आहे: नाणे कुणाच्याही खिशात असते आणि रेघा कुणालाही मारता येतात. कूटमुद्रेला, म्हणजे बनावट मोहोरेला, आठपट दंड लावणाऱ्याची भीती हीच होती.

आखाती देशांतून येणाऱ्या मंडळींनी सुतळीने आवळून बांधलेले खोकेही याच घराण्यातले. ती दोरी केवळ खोका फुटू नये म्हणून नसते. ज्याने गाठ मारली त्याला आपली गाठ ओळखू येते. आपल्या विमानतळांवर बॅग आधी एक्स-रे मशीनमधून काढून तिला प्लास्टिकची पट्टी आवळत, ती पट्टी तर सरळसरळ अंतपालाची मोहोर होती. पट्टी तुटलेली दिसली तर बॅग पुन्हा मशीनमध्ये.

आता सामायिक किल्ल्यांबद्दल. २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या लेखासोबत टीएसएच्या किल्ल्यांचा जुडगा छायाचित्रात छापला गेला. त्यावरून लोकांनी दात मोजले आणि २०१५ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या पाडल्या. त्या चालल्या. पण चोराला किल्लीचीही गरज नसते. चेनच्या दोन्ही रनरना कुलूप लावून बॅग उभी करा. बॉलपेनचे टोक चेनच्या दातांमध्ये मधोमध रोवून दाबा. नायलॉनची चेन असेल तर दात सुटतात आणि फट हाताने वाढत जाते. हवे ते काढून घेतल्यावर कुलपासकट दोन्ही रनर त्या फटीवरून इकडून तिकडे एकदा ओढले की दात पुन्हा बसतात. कुलूप जिथल्या तिथे, लाल खूण नाही, काही नाही. हे कुलूप अडवण्यात तर हरलेच, सांगण्यातही हरले. म्हणून बॅग घेताना कुलपापेक्षा चेन पाहावी. दुहेरी दातांची चेन पेनाला सहज दाद देत नाही, आणि कडक कवचाच्या, चेनऐवजी कड्यांनी बंद होणाऱ्या बॅगेत हा प्रश्नच येत नाही.

लाल खिडकीत आणखी एक उणीव आहे आणि ती मला जास्त खुपते. कुलूप उघडले हे ती सांगते, कुठे आणि कुणी ते सांगत नाही. टीएसएचे तपासनीस आत एक छापील चिठ्ठी ठेवतात, तिने थोडे भागते, पण चिठ्ठी ठेवणारा आणि हात मारणारा हे एकच असतील असे नाही. कौटिल्याच्या कारकुनाचा चौथा प्रश्न, मोहोर कुठे झाली, बॅगेच्या कुलपाने टाकूनच दिला आहे.

तो प्रश्न टिकला कंटेनरमध्ये. न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या दाराला जो जाड बोल्ट ठोकतात त्यावर अनुक्रमांक असतो, तो कागदपत्रांत लिहिलेला असतो, आणि बोल्ट कापल्याशिवाय निघत नाही. २०१७ पासून निर्यातदाराने आपल्याच कारखान्यात लावायच्या मोहोरेत इलेक्ट्रॉनिक चीपही आली. ती वाचली की मोहोर कुणी आणि केव्हा लावली ते कळते. वंशाचा थोरला वारस मला तोच वाटतो. बॅगेचे कुलूप धाकट्या पातीचे.

हे बॅगेलाही जमण्यासारखे आहे आणि खर्च काही रुपयांचा. अनुक्रमांकाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, ओढून आवळायच्या आणि कापूनच काढायच्या. दोन्ही रनरच्या भोकांतून घातलेली पट्टी बॅगेच्या पक्क्या कडीलाही गुंतवावी, म्हणजे रनर फटीवरून ओढताच येत नाहीत आणि पेनाने उघडलेली चेन उघडीच राहते. बॅग काउंटरवर देण्याआधी पट्टीच्या आकड्याचा आणि आतल्या सामानाचा फोटो काढावा. दोनचार सुट्या पट्ट्या बॅगेच्या बाहेरच्या खणात ठेवाव्यात, तपासनिसाने जुनी कापली तर त्याला नवी लावता येते आणि आकडा बदललेला आपल्याला दिसतो. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलली की आधी आकडा पाहावा. तो जुळला नाही तर विमानतळाबाहेर पडायचे नाही, तिथल्या तिथे विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या, भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते, आणि तिथे दोन आकड्यांचे दोन फोटो उपयोगी पडतात.