माप कोणाच्या हाती?



म्हशीला वैरण घालायची आपण, धार काढायची आपण. पण दुधाचा भाव कोण ठरवतो? माप ज्याच्या हाती, तो. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे माप आपल्या हाती कसे घेतले, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

तो जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. मुंबई शहराला दूध पुरवण्यासाठी १९४५ साली सरकारने योजना आखली. आणंदहून रेल्वेने दूध येऊ लागले. ते गोळा करण्याचे काम पोल्सन कंपनीकडे होते आणि गावोगाव तिचे दलाल होते. शहरात दुधाला दाम चांगला येई, पण तो म्हशीच्या धन्यापर्यंत पोचत नसे.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांचा सल्ला रोखठोक होता. दलाल काढा, स्वतःची सहकारी संस्था करा. मात्र त्यापायी नुकसान सोसायची तयारी ठेवा. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. मग पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध घातले नाही. घरच्या मिळकतीवर पाणी पडले, पण कुणी फुटले नाही. अखेर सरकारला नमावे लागले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. १९४८ साली काम सुरू झाले तेव्हा दूध होते दिवसाला सुमारे २५० लिटर!

आता कारभार कसा चाले, तो पाहा. गावच्या संस्थेत दूध घालणाराच सभासद. एक म्हैस असो की दहा, मत एकच. पंच सभासदांनी निवडायचे. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचे, त्यातली स्निग्धता तपासायची आणि त्याप्रमाणे पैसे चुकते करायचे. पाणी घातले तर ते तिथेच उघडे पडते. नफा उरला की घातलेल्या दुधाच्या प्रमाणात बोनस. गावच्या संस्थांचे प्रतिनिधी मिळून जिल्ह्याचा संघ चालवतात. तज्ज्ञ नोकरीला ठेवले, पण धनी शेतकरीच राहिले. १९४९ साली आलेले वर्गीस कुरियन असेच पगारी व्यवस्थापक होते.

पुढे एक मोठी अडचण उभी राहिली. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देत आणि मुंबईला तेवढे नको असे. जादा दूध परत करावे, तर सभासदाचा विश्वास उडणार. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार म्हणत. संघाचे दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ साली आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. 'अमूल' हे नाव पुढे घरोघर पोचले. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आले, अजरपुरा गावी एक रात्र राहिले आणि तिथला कारभार त्यांनी स्वतः पाहिला. दुसऱ्याच वर्षी, हीच पद्धत देशभर नेण्यासाठी, आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले.

मंडळी, यंत्रे विकत मिळतात, कर्जही मिळते. पण सभासद सर्वसाधारण सभेला गेलाच नाही, हिशेब त्याने विचारलाच नाही, तर दलाल नव्या नावाने परत येतो. कधी तो आपल्याच गावचा असतो. म्हणून गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा गावच्या डेअरीत न्या. घरच्या दुधाची पावती त्यांच्या हाती द्या, लिटर, स्निग्धता आणि दर यांचा हिशेब त्यांच्याकडून मांडून घ्या. उद्या सभेत उभे राहून हिशेब विचारायचा आहे, तो याच मुलांनी.