चीटशीट म्हणजे कॉपी नव्हे : कमांड लाइनच्या चिठ्ठ्या आणि ज्ञानाची मक्तेदारी

आम्ही चालवतो त्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लिनक्सच्या कमांड्सचा एक कागद चिकटवलेला आहे. फाइल कशी शोधायची, परवानगी कशी बदलायची, दाबून बांधलेली टार फाइल कशी उघडायची, एवढंच त्यात आहे. मध्यंतरी एक अभियंता पाहुणे आले. कागद बघून हसले आणि म्हणाले, "ही तर कॉपी झाली. शिकणारा माणूस मॅन्युअल वाचतो." पोरं गप्प बसली. आम्हाला त्या हसण्यापेक्षा हे गप्प बसणं जास्त लागलं, म्हणून हा लेख.

आधी इतिहास बघू. 1964 साली आयबीएमने सिस्टिम/360 हा संगणक जाहीर केला. त्याच्या सूचनांची पुस्तकं जाडजूड होती, पण कामावरच्या प्रोग्रामरच्या खिशात असायचं ते घडीचं हिरवं कार्ड. पुढे सिस्टिम/370 साठी ते पिवळं झालं. हे कार्ड कुणी चोरून छापलं नव्हतं, खुद्द कंपनीच ते देत असे. सगळ्या सूचना आणि त्यांचे आकडे कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत, हे यंत्र बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे प्रस्थापितांच्या खिशात असतं तेव्हा ते 'रेफरन्स कार्ड' आणि आमच्या भिंतीवर आलं की 'कॉपी'!

आता त्या मॅन्युअलकडे येऊ. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली. तिच्या पहिल्या मॅन्युअलवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. कमांडचं नाव, ती लिहायची रीत, थोडकं वर्णन आणि शेवटी 'बग्ज', म्हणजे या कमांडमध्ये काय चुकतं त्याची कबुली. बहुतेक कमांड्सचं पान मोजक्या ओळींत आटपायचं. ज्या ग्रंथांनी आमच्या पूर्वजांच्या कानांवर पहारे बसवले, त्यांतल्या एकात तरी शेवटी 'आमचं इथं चुकलं' असा रकाना होता का? युनिक्सचं मॅन्युअल पोथी म्हणून लिहिलेलं नव्हतं. 'आधी मॅन्युअल वाच, मग तोंड उघड' असं दरडावणाऱ्यांनी त्याची पोथी केली.

पण ते लिहिलं होतं जाणत्यांनी जाणत्यांसाठी. शेजारच्या टेबलावर थॉम्पसन बसलेला असेल, तर त्रोटक पान पुरतं. पुढे कमांड्सना पर्याय फुटत गेले. टारच्या आजच्या ग्नू आवृत्तीत शंभराहून जास्त पर्याय आहेत. रोजच्या कामाला त्यातले चार लागतात, पण ते चार कोणते हे मॅन्युअल सांगत नाही. ते सांगतो घरातला इंजिनिअर दादा, हॉस्टेलचा सिनिअर, काकांच्या ओळखीतला कुणीतरी. हे ज्ञान नात्यागोत्यातून वाहतं आणि आपल्या देशात नातीगोती जातीतच बांधलेली असतात. वरच्यांना शिकवा, ते झिरपून खाली येईल, हा इंग्रजांचा सिद्धांत. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी त्यावर बोट ठेवलं होतं, की वरच्यांनी घेतलेली विद्या खाली पोचवली नाही. संगणकाच्या बाबतीतही आम्ही तेच बघतो आहोत.

झिरपणं सोडा, बंदीसुद्धा झाली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा त्यांनी ओळीओळीने समजावून सांगितला आणि 1977 च्या सुमारास तो विद्यार्थ्यांसाठी पुस्तकरूपाने आणला. ही आवृत्ती वर्गात शिकवायला हरकत नव्हती. मात्र 1979 ला सातवी आवृत्ती आली, तेव्हा मालक कंपनी एटी अँड टीने परवान्यातच अट घातली, की हा सोर्स कोड वर्गात शिकवायचा नाही. विद्यापीठाने पैसे मोजून घेतलेली गोष्ट, तिच्याच विद्यार्थ्यांनी वाचायची नाही! मग लायन्सच्या पुस्तकाच्या झेरॉक्स निघाल्या. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट होईपर्यंत. उघडपणे ते पुस्तक छापलं गेलं 1996 मध्ये. दरम्यान, युनिक्स शिकवता येईना म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी 1987 साली शिकवण्यासाठीच मिनिक्स लिहिली आणि तीच वापरता वापरता हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने 1991 साली लिनक्सची सुरुवात केली. आज आमच्या अभ्यासिकेतल्या जुन्या पीसीवर चालते ती हीच लिनक्स.

1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातल्या इमॅक्स या संपादकासोबत जे रेफरन्स कार्ड येतं, त्यावरच पूर्वी लिहिलेलं असायचं की ही सूचना कायम ठेवून या कार्डाच्या प्रती काढा आणि वाटा. 2013 च्या अखेरीस टीएलडीआर पेजेस हा प्रकल्प सुरू झाला. नावाचा अर्थ 'फार लांब होतं, वाचलं नाही'. एका कमांडला एक पान आणि पानावर जास्तीत जास्त आठ उदाहरणं. जगभरातले लोक ती फुकट लिहितात, दुरुस्त करतात, आपापल्या भाषेत आणतात. सिनिअरच्या ओळखीने मिळणारी गोष्ट इथे ओळख न विचारता मिळते. त्याच वर्षी एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेत एक चित्र आलं होतं : बॉम्ब निकामी करायचा तर टारची एक बरोबर कमांड लिहा, इंटरनेटवर न शोधता. तिथले तरबेज लोकही हातपाय गाळतात. आमच्या पाहुण्यांना ते दाखवायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र आमच्याच लोकांना सांगायची आहे. चिठ्ठीवरची ओळ अर्थ न कळता उतरवली तर तो मंत्रच झाला, आणि मंत्र म्हणणारे आपण नव्हे. आरएम कमांडला आर आणि एफ जोडून चुकीच्या फोल्डरवर चालवली तर काम निमूट पुसलं जातं. कचरापेटी नाही, 'नक्की का' असा प्रश्न नाही. म्हणून आम्ही नियम केला आहे : कागदावरची कमांड चालवायची, मग तिचं मॅन पेज उघडायचं आणि वापरलेल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ शेजारच्याला मराठीत सांगायचा. इंग्रजीला बिचकणारी मुलंही असं करत दोन-तीन महिन्यांत मॅन पेज वाचायला लागतात.

पाहुणे गेल्यावर बारावीतल्या एका मुलीने भिंतीवरच्या कागदात चूक दाखवली. परवानगीच्या ओळीत 755 ऐवजी 777 लिहिलं होतं, म्हणजे फाइल कुणीही बदलावी अशी मोकळी. लिहिणारे आम्हीच होतो. नवा कागद तिने स्वतः लिहिला आहे आणि खाली चार बोटं जागा सोडून तिथे 'बग्ज' असा मथळा दिला आहे.