बालकांचा देहवस्तुमान निर्देशांक : एका मापाचा इतिहास

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास देहवस्तुमान निर्देशांक म्हणतात. शाळकरी मुलांची कृशता वा स्थूलता आज बहुधा याच अंकावरून ठरविली जाते. तथापि हे माप मुळात मुलांकरिता निर्माण झालेले नव्हते.

बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले याने १८३५ च्या आपल्या ग्रंथात प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे दाखविले. वाढत्या वयात मात्र वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात राहतो, हेही त्यानेच नोंदविले होते. १९७२ मध्ये अँसेल कीज व त्याचे सहकारी यांनी या मापास सांप्रतचे नाव दिले; त्यांचा पुरावाही प्रौढ पुरुषांचाच होता.

मुलांत हा अंक शैशवानंतर उतरतो व सुमारे सहाव्या वर्षापासून पुन्हा चढू लागतो. म्हणून एकच सीमारेषा सर्व वयांना लावता येत नाही. यास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ५ ते १९ वर्षांकरिता वय व लिंग यांनुसार कोष्टके सिद्ध केली. भारतात १९७२ चे बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वर्गीकरण केवळ वयानुरूप वजनावर आधारलेले होते. याच संघटनेने २०१५ मध्ये १४ शहरांतील मुलांच्या मापनावरून नवे आलेख प्रसिद्ध केले. आशियाई लोकांत कमी निर्देशांकासही मधुमेहादी विकारांचा धोका संभवतो. म्हणून त्यांतील अतिवजनाची व स्थूलतेची रेषा प्रौढांच्या अनुक्रमे २३ व २७ या अंकांशी जुळविलेली आहे.

आता भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या नगरातील दहा वर्षांचे दोन मुलगे कल्पावे. एकाची उंची १३८ सेंटिमीटर व वजन साडेतीस किलोग्रॅम. दुसऱ्याची उंची १२० व वजन २३. दोघांचाही निर्देशांक १६ येतो. प्रौढात हा अंक कृशतेचा. दहाव्या वर्षी मात्र तो सर्वसाधारण होय. परंतु दुसरा मुलगा खुजा आहे. दीर्घकालीन कुपोषणाने उंची व वजन दोन्ही खुंटली, तर त्यांचे गुणोत्तर निर्दोष दिसते.

सारांश, निर्देशांक देहाची ठेवण सांगतो, वाढीचा इतिहास सांगत नाही. तो इतिहास उंचीत लिहिलेला असतो. म्हणून तपासणीच्या नोंदवहीत वयानुरूप उंचीचा रकाना निर्देशांकाइतकाच अगत्याचा ठरतो.