निळ्या पानांचा पलंगपोस

१/ आजच्या उंची वॉलपेपरमध्ये एक नक्षी वारंवार भेटते. खडकाळ उंचवट्यातून उगवलेला नागमोडी वृक्ष, त्याच्या एकाच फांदीवर नाना जातींची फुले, अधूनमधून एखादा पक्षी. विक्रेते तिला ‘चिंट्झ’ किंवा ‘जीवनवृक्ष’ म्हणतात. या वृक्षाची पाने पुष्कळदा निळी दिसतात. ती निळी का, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ या नक्षीचे मूळ कागदावर नसून कापडावर आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावर, मछलीपट्टण आणि त्याच्या दक्षिणेस, सुती कापडावर हाताने चितारलेल्या मोठ्या चादरी तयार होत आणि जहाजांतून युरोपात जात. इंग्रज त्यांना ‘पॅलमपोर’ म्हणत. हा आपला पलंगपोसच. ‘चिंट्झ’ हा शब्दही आपल्या ‘छीट’ किंवा ‘चीट’ या शब्दाचेच रूपांतर होय.

३/ ही कला ‘शुद्ध भारतीय’ होती असे मात्र समजू नये. १६४३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सुरतेच्या वखारीला लिहिले की, गडद तांबड्या जमिनीच्या रजया सर्वांना रुचत नाहीत. यापुढे पांढरी जमीन अधिक ठेवावी आणि मधली फुले व फांद्या चित्रकाराच्या मर्जीनुसार रंगवाव्यात. पुढे तर विलायतेहून नमुनेच येऊ लागले. पलंगपोसावरच्या वृक्षात भारतीय, इराणी, चिनी आणि इंग्रजी अशा सर्व छटा आहेत.

४/ नक्षी सर्वांची असली, तरी रंगांची विद्या इथली होती. कापड प्रथम हिरडा आणि दूध यांच्या मिश्रणात भिजवत. लोहयुक्त द्रावणाने कलमाने काळ्या रेषा ओढत. जिथे लाल हवा तिथे तुरटीचे द्रावण लावत आणि मग ‘चाय’ नावाच्या वनस्पतीच्या मुळांच्या रंगात कापड उकळत. तुरटी लावलेल्या जागीच लाल रंग पक्का बसे. तो धुण्याने जात नसे, आणि युरोपीय रंगाऱ्यांना कापडावर हे फार काळ साधले नव्हते.

५/ निळ्यासाठी रीत वेगळी. जिथे निळा नको तो सर्व भाग मेणाने झाकून कापड निळीच्या पिंपात बुडवत. उरला हिरवा. पक्का हिरवा रंग त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून पाने आधी निळी करत आणि त्यांवर वनस्पतीचा पिवळा रंग हाताने चढवत.

६/ हा पिवळा रंग कच्चा होता. ऊन आणि धुलाई यांनी तो शतकभरात उडून गेला. खालची निळी तेवढी राहिली. म्हणजे जुन्या पलंगपोसावरची निळी पाने मुळात हिरवी होती. त्यावरून रंग जसेच्या तसे उचलणारा वॉलपेपर कारागिराच्या कृतीबरोबर काळाने केलेला बदलही उचलतो.

७/ मग कापडावरची नक्षी कागदावर कशी आली? यामागे कायद्याचाही हात आहे. स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६ मध्ये छिटांवर बंदी घातली; ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १७०१ पासून रंगीत भारतीय सुती कापड देशांतर्गत वापरासाठी आणण्यास मनाई झाली. १७२१ च्या कायद्याने तर बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणे, पडद्यांना किंवा खुर्च्यांना वापरणे हाही गुन्हा ठरला. हा निर्बंध १७७४ मध्ये उठला.

८/ कागदावर अशी बंदी नव्हती. १७१२ पासून त्यावर कर होता, पण भिंतीला छापील कागद लावणे गुन्हा नव्हता. इंग्लंडमधील कागद छापणारे लाकडी ठशांनी छिटांच्या नकला करू लागले. कंपनीच्या जहाजांतून हाताने रंगवलेले चिनी भिंतकागदही येत. त्यांवरही तसाच फुललेला वृक्ष असे. ते चीनमधले असूनही इंग्रज त्यांना ‘इंडिया पेपर’ म्हणत, कारण आणणारी कंपनी ‘इंडिया’ची!

९/ विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरी वर्न या वॉलपेपर-रचनाकाराने जुन्या छिटांचा मोठा संग्रह केला. त्याच्यासारख्यांना तो नव्या नक्षींचा खजिनाच होता. त्याच्या मृत्यूनंतर हा संग्रह टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाकडे गेला आणि आजही वर्नच्याच नावाने ओळखला जातो.

१०/ पलंगपोस चितारणाऱ्यांची नावे मात्र जवळजवळ कुठेच नाहीत. काही कापडांच्या पाठीवर कंपनीचा शिक्का आहे. मागवणारा, विकणारा, जमवणारा यांची नोंद राहिली. कलम धरणाऱ्या हाताची राहिली नाही. १७३४ च्या सुमारास ब्यूलियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पुदुच्चेरीत ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने लिहून घेतली आणि प्रत्येक टप्प्याचा कापडाचा तुकडाही जपला. आपल्याला ही विद्या इतक्या तपशिलाने कळते ती अशा नोंदींमुळे. पण त्यांचा हेतू ती विद्या फ्रान्समध्ये नेण्याचा होता.

११/ आज लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आपल्या संग्रहातील नक्षी वॉलपेपरसाठी परवाना देऊन वापरू देते. इकडे मछलीपट्टण आणि श्रीकाळहस्ती येथील कलमकारीला भौगोलिक मानांकन आहे. ते त्या गावांच्या नावाने आजची कापडे विकणाऱ्यांना आवर घालू शकते. तीनशे वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या नक्षीवर त्याचा अधिकार चालत नाही.

१२/ जुन्या कलेवरून नवे करणे हा दोष नव्हे. पलंगपोसही तसाच घडला होता. परंतु ‘इंग्लिश वारसा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर ‘कोरोमंडल’ हा एक शब्द छापायला फारशी जागा लागत नाही. कारागिरांची नावे आता सापडणे कठीण आहे. गाव आणि किनारा तरी ठाऊक आहेत. पुढच्या वेळी अशी निळी पाने दिसली, तर ती एकेकाळी हिरवी होती हे सोबतच्या माणसाला जरूर सांगा. (समाप्त)