दुसऱ्याच्या नांवावरचीं गाणीं

न्यूयॉर्क शहराच्या पश्चिम कडेला, हडसन नदीजवळ, जेन स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. तेथें खलाशांच्या निवाऱ्यासाठीं १९०८ च्या सुमारास बांधलेली एक इमारत आहे. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हां तिच्यावरचे वांचलेले खलाशी याच इमारतींत उतरले होते. पुढें तिचें हॉटेल झालें. आणि त्या हॉटेलच्या जुन्या नृत्यशाळेंत १४ फेब्रुवारी १९९८ रोजीं एक संगीत नाटक रंगभूमीवर आलें. 'हेडविग अँड दि अँग्री इंच' हें त्याचें नांव. लेखक जॉन कॅमेरॉन मिचेल; पदें आणि चाली स्टीफन ट्रॅस्क यांच्या.

रॉक संगीताला ब्रॉडवेचें दार १९६८ सालीं 'हेअर' या नाटकानें मोकळें करून दिलें होतें. मात्र तेथें वाजविणारे कथेच्या बाहेरचे. हेडविगच्या नाटकांत वाजविणारांचा जथा हीच कथा आहे. पडदा उघडला कीं प्रेक्षक नाटकाला नव्हे, तर एका पडत्या काळांतल्या बँडच्या जलशाला येऊन बसलेले असतात, आणि दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यांतून नायिका आपली कर्मकथा सांगते.

ती कथा अशी. पूर्व बर्लिनमधील हान्सेल नांवाचा तरुण एका अमेरिकन सैनिकाच्या प्रेमांत पडतो. भिंतीपलीकडे जावयाचें तर विवाह हवा, आणि विवाहासाठीं स्त्रीदेह हवा. शस्त्रक्रिया बिघडते. आईचें हेडविग हें नांव घेऊन तो, म्हणजे आतां ती, अमेरिकेंतील कॅन्सास संस्थानांत येते. वर्षभरानें नवरा सोडून जातो, आणि त्याच दिवशीं बर्लिनची भिंत पडल्याची बातमी येते. ज्या भिंतीपायीं शरीराचा बळी दिला, ती भिंतच उरली नाहीं! १९८९ सालच्या त्या आनंदवार्तेकडे अशा कडवट कोनांतून पाहणारें दुसरें संगीत नाटक माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

पुढें सेनाधिकाऱ्याचा टॉमी नांवाचा मुलगा तिला भेटतो. ती त्याला संगीत शिकविते, त्याच्याबरोबर गाणीं रचते. तो तीं गाणीं घेऊन निघून जातो आणि जगप्रसिद्ध होतो. तो नदीपलीकडच्या प्रचंड क्रीडांगणांत गात असतां ही आपला फाटका जथा घेऊन लहानशा जागेंत गाते, आणि मधूनच दार उघडून त्याच्या श्रोत्यांचा जयघोष ऐकते.

नाटकाच्या जन्माची हकीकत मला कथेइतकीच अर्थपूर्ण वाटते. आरंभीं मिचेल यांच्या मनांतला नायक टॉमी होता. ते स्वतः सेनाधिकाऱ्याचे पुत्र. टॉमींत त्यांनीं स्वतःलाच पाहिलें होतें. हेडविग ही दुय्यम भूमिका; लहानपणीं कॅन्सासमध्यें घरीं मुलें सांभाळावयास येणाऱ्या एका जर्मन बाईवरून सुचलेली. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या 'स्क्वीझबॉक्स' या रात्रीच्या क्लबांत ट्रॅस्क यांचा बँड वाजवीत असे. तेथें स्त्रीवेषांतले कलावंत गात. येथें हें लिखाण करून पाहा, असा ट्रॅस्क यांनीं आग्रह धरला, आणि तेथें शोभणारी भूमिका एकच, ती हेडविगची. गाणीं नेणाऱ्याची कथा अशा रीतीनें गाणीं गमावलेलीची झाली. आणखी एक मौज अशी कीं, तेथल्या आरंभींच्या प्रयोगांत इतर बँडांचीं गाणीं शब्द बदलून गायिलीं जात. चोरलेल्या गाण्यांची तक्रार उसन्या चालींवर उभी राहिली!

जेन स्ट्रीटवर ८५७ प्रयोग झाले. २००१ सालीं मिचेल यांनींच चित्रपट केला. २०१४ सालीं नाटक ब्रॉडवेच्या बेलास्को नाट्यगृहांत गेलें. आतां एवढ्या भव्य मंचावर हा दरिद्री जथा आला कसा? त्यावरची युक्ति गमतीची आहे. मध्यंतरांतच बंद पडलेल्या एका काल्पनिक संगीत नाटकाची तयार सजावट हेडविगला एका रात्रीपुरती मिळाली आहे, असें दाखविलें. पुनरुज्जीवित संगीत नाटकाचें टोनी पारितोषिक त्या प्रयोगाला मिळालें.

हेडविगबद्दल नुसती कणव वाटून भागत नाहीं. तिचा दुसरा नवरा यित्झाक तिच्याच जथ्यांत मागें उभा राहून साथ करतो. तोहि एके काळीं स्त्रीवेषांत गाणारा कलावंत. पण केसांचा टोप पुन्हां कधीं घालणार नाहीं, या अटीवर हेडविगनें त्याच्याशीं लग्न केलें आहे. टॉमीनें जें तिच्याशीं केलें, तेंच तिनें याच्याशीं केलें. ही पुरुषभूमिका १९९८ मध्यें मिरियम शोर या अभिनेत्रीनें केली. २०१४ मध्यें लीना हॉल हिला तिच्याबद्दल टोनी पारितोषिक मिळालें. शेवटल्या गाण्याच्या वेळीं हेडविग आपला पिंगट टोप काढून यित्झाकच्या हातीं देते, आणि उघड्या डोक्यानें रंगमंचावरून निघून जाते. बँड वाजत राहतो.