शामीरपेटचा माळ आणि लशींचे कारखाने

हैदराबाद शहर मागें टाकून करीमनगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शामीरपेटचा तलाव लागतो. त्याच्या पलीकडे तुर्कपल्लीच्या बाजूस खडकाळ माळ पसरलेला आहे. या माळावर आज लशींचे कारखाने, प्रयोगशाळा आणि शीतगृहें उभीं आहेत, आणि त्या सर्व टापूस ‘जीनोम व्हॅली’ म्हणतात. दरी मात्र तेथें शोधूनही सांपडत नाहीं. कॅलिफोर्नियांतील ‘सिलिकॉन व्हॅली’च्या धर्तीचें तें हौसेचें नांव आहे.

१९९९ च्या सुमारास आंध्र प्रदेशांतील चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारनें जैवतंत्रविद्येच्या उद्योगांसाठीं हें क्षेत्र आंखलें. त्याच वेळीं आय. सी. आय. सी. आय. या अर्थसंस्थेच्या सहकार्यानें तुर्कपल्लीस २०० एकरांचें संशोधन-उद्यान निघालें. जागा, रस्ते, वीज आणि पाणी यांची तजवीज सरकारनें पाहावी, धंदा खासगी भांडवलानें करावा, अशी ही योजना. या उद्योगांत ती तजवीज मोठी मोलाची असते. लस ही सजीव पेशींकडून करवून घ्यावयाची वस्तु आहे. पात्रांत वाढणाऱ्या यीस्टला ठराविक उष्णता, निर्जंतुक हवा व अत्यंत शुद्ध पाणी अखंड मिळावें लागतें. मध्येंच वीज गेली तर अनेक दिवसांचें काम वायां जातें. तयार झालेली बहुतेक लस २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यांतच राखावी लागते.

सरकारनें १९९९ सालीं हुकूम काढला आणि माळावर उद्योग उगवले, असा यावरून समज होतो. राज्यकर्त्यांना तो प्रियही असतो. परंतु या उद्योगाचीं मुळें त्याहून पुष्कळ जुनीं आहेत.

निजामाच्या राजवटींतच, १९४४ सालीं, हैदराबादेंत औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन झाली होती. स्वातंत्र्यानंतर भारत सरकार स्वतः औषधांचें कारखानदार बनलें. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस पेनिसिलिनसाठीं ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ निघाली. १९६१ सालीं ‘इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स’ ही दुसरी कंपनी निघून सोव्हिएट रशियाच्या साहाय्यानें तिचा एक कारखाना हैदराबादेंत उभा राहिला. ही कंपनी १९९२ सालीं आजारी उद्योगांत जमा झाली. मात्र कारखाना बुडाला तरी त्यांत हात बसलेलीं माणसें बुडालीं नाहींत. १९८४ सालीं ‘डॉ. रेड्डीज’ काढणारे अंजी रेड्डी हे याच कंपनींत पूर्वीं नोकरीस होते. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधावर नव्हे, तर तें बनविण्याच्या कृतीवरच हक्क मान्य केल्यामुळें अशा माणसांना वाट मोकळी झाली. तिकडे पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकारानें पेशी व रेणु यांच्या जीवशास्त्राचें सरकारी संशोधन-केंद्र १९७७ सालीं हैदराबादेंत सुरू झालें होतें.

या केंद्राचा उपयोग पुढें एका विद्युत्-अभियंत्यास झाला. वरप्रसाद रेड्डी यांनीं ‘हिपॅटायटिस-बी’ या यकृताच्या रोगावरील लशीचें तंत्र परदेशांत मागितलें असतां त्यांना अपमानास्पद नकार मिळाला, असें त्यांनीं स्वतः अनेकदां सांगितलें आहे. १९९३ सालीं त्यांनीं ‘शांता बायोटेक्निक्स’ स्थापिली. बँकांपेक्षां ओमानच्या युसुफ बिन अलावी यांचें भांडवल त्यांच्या अधिक कामास आलें, आणि काम सुरू करावयास जागा मिळाली ती सरकारी केंद्रांत. विषाणूचें एक जनुक यीस्टमध्यें घालून तयार केलेली त्यांची लस ऑगस्ट १९९७ मध्यें बाजारांत आली. परदेशी लशीच्या एका मात्रेस शेंकडों रुपये पडत; हिची किंमत त्या मानानें अगदीं थोडी होती. मध्यम स्थितींतील कुटुंबासही चार मुलांना टोंचून घेतांना जेथें विचार करावा लागे, तेथें ही गोष्ट लहान नव्हती. म्हणजे क्षेत्र आंखलें जाण्यापूर्वींच उद्योग जन्मला होता. अमेरिकेंतून परतलेल्या कृष्णा एल्ला यांची १९९६ ची ‘भारत बायोटेक’ ही त्या माळावर आरंभीं आलेल्या कंपन्यांपैकीं एक होय.

या शहराच्या औषधी उद्योगाला एक काळी बाजूही आहे. पश्चिमेस पाटणचेरू येथील जुन्या औद्योगिक वसाहतींत, अनेक औषधी कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडलें जाई, त्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हें औषध लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचें स्वीडिश संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. अशा पाण्यांत वाढणारे जंतु त्या औषधाला दाद देईनासे होतात. जागा देणाऱ्या सरकारनें सांडपाण्याकडेही पाहावें, ही अपेक्षा त्या वसाहतीच्या शेजारच्या शेतकऱ्यांनीं केली तर ती अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

२०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें विलग केलेला विषाणु जीनोम व्हॅलींत पाठविण्यांत आला आणि त्यावरून भारत बायोटेकनें ‘कोव्हॅक्सिन’ केली. ३ जानेवारी २०२१ रोजीं तिला निकडीची परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्याचे निकाल हातीं येण्यापूर्वींच ती दिल्याबद्दल शास्त्रज्ञांत वादही झाला. या लशीच्या पेटंटसाठीं कंपनीनें केलेल्या अर्जांत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचें नांव नव्हतें. तें अनवधानानें राहून गेलें, असा खुलासा करून जून २०२४ मध्यें कंपनीनें परिषदेचें नांव सहमालक म्हणून घालण्याची व्यवस्था केली.