गुपित नेणारे प्रकाशकण

वर्गात एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाणारी चिठ्ठी मधल्या मुलाने वाचली, होती तशी घडी घातली आणि पुढे सरकवली, तर ते कोणाला कळणार? गुप्तलेखनाची खरी अडचण हीच आहे. मजकूर सांकेतिक करता येतो, पण तो उलगडण्याची किल्ली दुसऱ्या टोकाला पोचवताना वाटेत कोणी तिची नक्कल केली तर?

या प्रश्नाचे एक वेगळेच उत्तर डिसेंबर १९८४ मध्ये आपल्या बंगळूरला भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधात होते. निबंधाचे लेखक होते आयबीएमचे चार्ल्स बेनेट आणि माँट्रियल विद्यापीठाचे गिल्स ब्रासार. मूळ कल्पनेचे बीज स्टीफन वीझनर यांचे. कोणालाही नक्कल करता येणार नाही अशी नोट त्यांनी १९७०च्या सुमारास कल्पिली होती.

बेनेट आणि ब्रासार यांची युक्ती अशी. किल्लीचा प्रत्येक अंक, म्हणजे ० किंवा १, एकेका प्रकाशकणाच्या (फोटॉनच्या) ध्रुवणावर लिहायचा. त्यासाठी दोन जोड्या असतात: एक उभे-आडवे ध्रुवण, दुसरी दोन तिरप्या दिशांची. पाठवणारा दर वेळी कोणतीही एक जोडी निवडतो, घेणाराही आपल्या मनाने निवडतो. निवड चुकली तर उत्तर नाणेफेकीसारखे येते आणि मूळ ध्रुवण पुसले जाते. नंतर दोघे उघडपणे एवढेच सांगतात, की आपण कोणती जोडी घेतली होती. जोड्या जुळलेले अंक ठेवायचे, बाकीचे टाकायचे. मध्ये कोणी प्रत्येक कण मोजून पुढे पाठवला असेल, तर ठेवलेल्या अंकांपैकी सुमारे पाव अंक चुकतात. थोडे अंक ताडून पाहिले की चोरी उघड होते. किल्ली फेकून द्यायची. मजकूर तर अजून पाठवलेलाच नसतो!

पहिला प्रयोग १९८९ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत झाला. प्रकाशकणांनी हवेतून काटलेले अंतर होते अवघे ३२ सेंटिमीटर. शिवाय ध्रुवण बदलणाऱ्या साधनाचा वीजपुरवठा प्रत्येक ध्रुवणाला निराळा आवाज करी. आमचे यंत्र फक्त बहिऱ्या चोरापासून सुरक्षित होते, अशी थट्टा पुढे ब्रासार यांनीच केली.

दूर जायचे तर प्रकाशतंतू हवा. तो दूरध्वनीसाठी आधीच वापरात होता. आपल्याकडे पुण्यात १९७९ साली तो प्रथम टाकला गेला. १९९५ साली निकोलस गिसिन यांच्या गटाने जिनिव्हा सरोवराच्या तळाशी असलेल्या दूरध्वनीच्या केबलमधून, जिनिव्हा ते न्यों या २३ किलोमीटर अंतरावर, हा प्रयोग यशस्वी केला. २००४ साली केंब्रिजच्या तोशिबा प्रयोगशाळेने १२२ किलोमीटर गाठले.

पुढची वाट अवघड का झाली? हिशेब करून पाहू. उत्तम तंतूतही ५० किलोमीटरला दहापैकी एकच प्रकाशकण टिकतो. उमरखेड ते यवतमाळ सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. तेथे शंभरातून एक पोचेल. मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. तेथे हजार कोटींतून एक! सेकंदाला शंभर कोटी कण सोडले तरी मुंबईला दहा सेकंदांत एक कण. हजार किलोमीटरसाठी हाच काळ तीन हजार वर्षांहून अधिक होतो.

साध्या दूरध्वनीत वाटेत प्रवर्धक बसवून क्षीण संदेश वाढवतात. येथे ते चालत नाही. वाढवणे म्हणजे नकला काढणे, आणि अज्ञात पुंजस्थितीची हुबेहूब नक्कल निघू शकत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झाले आहे. जो नियम चोराचे हात बांधतो, तोच अभियंत्याचेही बांधतो. सुरक्षितता आणि अंतराची मर्यादा एकाच मुळातून आल्या आहेत.

यातून दोन वाटा निघाल्या. चीनने २०१७ साली बीजिंग-शांघाय ही सुमारे २,००० किलोमीटरची वाहिनी सुरू केली. तिच्यात वाटेवर ३२ ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडी होते, म्हणून ठाणेदार विश्वासू हवा. म्हणजे जुनी अडचण पुन्हा दारात. दुसरी वाट २०१८ साली सुचली: दोन्ही टोकांनी मध्यावर प्रकाश पाठवायचा. प्रत्येकाला निम्मेच अंतर काटावे लागते, आणि मधल्या माणसावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. या रीतीने चिनी शास्त्रज्ञांनी २०२३ साली १,००२ किलोमीटर गाठले, पण किल्ली अत्यंत मंद गतीने तयार झाली.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, हा प्रयोग करून दाखवला. बंगळूरचा निबंध तेव्हा ३७ वर्षांचा झाला होता.

वर्गात हे नाण्यांनी करून पाहावे. पाठवणारा, चोर आणि घेणारा असे तीन विद्यार्थी घ्या. प्रत्येकाने नाणे उडवून जोडी निवडावी. पाठवणाऱ्याने आणखी एकदा उडवून अंक ठरवावा. चोराने आपल्या जोडीत मिळालेला अंक त्याच जोडीत पुढे द्यावा. वाचणाऱ्याची जोडी आलेल्या कणाच्या जोडीशी जुळली नाही, तर उत्तर नाण्याने ठरवावे. शंभर फेऱ्यांत पाठवणारा आणि घेणारा यांची जोडी सुमारे ५० वेळा जुळेल, आणि त्यांत साधारण १२ अंक चुकलेले असतील. मग चोराला बाजूला बसवून खेळ पुन्हा खेळा, आणि आता किती अंक चुकले ते मुलांनाच मोजू द्या.